लॅपटॉपमधला अर्धा मोडेम

गुरुजी, नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, चुकलं असेल तर तिथंच लक्षात येईल. मामांकडून २००५ च्या आसपासचा लॅपटॉप आला. पेंटियम एम, ५१२ एमबी रॅम. त्यावर तुम्ही डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घातलंत. पडदा, आवाज, वायफाय सगळं लागलं. डाव्या बाजूला फोनची पिन बसते असं भोक आहे, पण डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ (मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारं यंत्र, शोधणारा प्रोग्राम) चालवलं की मोडेम सापडला नाही म्हणून मोकळं होतं. आणि तुम्हाला त्यावर इंटरनेट नकोच आहे. पावसाळ्यात तुमच्या जांबोटीकडं करंट गेला की दोन-दोन दिवस येत नाही, टॉवरची बॅटरी संपली की मोबाईल गप्प, पण घरातला तांब्याच्या तारेचा फोन बोलत असतो. त्या फोनवरून बेळगावच्या टिळकवाडीतल्या भावाच्या कॉम्प्युटरवर शाळेचे कागद धाडायचेत.

बेत चांगला आहे. साध्या फोनला घरचा करंट लागत नाही. त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून त्याच दोन तारांतून येतात. लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकली तर तुमचं काम होतं.

बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीत माझी पंचवीसेक वर्षं गेली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मोडेम हाच रोजचा रुग्ण. सगळ्यांना १७२२३३ फिरवून संचारनेटला (बीएसएनएलच्या इंटरनेटला) जायचं असायचं आणि लिनक्स घातलेला एखादा हौशी माणूस आठवड्याला हमखास दारात उभा असायचा. त्याचं आणि तुमचं दुखणं एकच. (आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा. लिनक्सच्या आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत, मोडेमच्या आज्ञा मोठ्या अक्षरांत.)

तुमच्या लॅपटॉपमध्ये मोडेम अर्धाच आहे.

जुना बाहेरचा मोडेम, दिवे लुकलुकणारा तो डबा, तीन कामं करायचा. एक, लाईन सांभाळणं: रिसीव्हर उचलल्यासारखं करणं, ठेवणं, आणि लाईनवरच्या व्होल्टेजपासून मशीन अलग राखणं. दोन, बाइटांचा आवाज करणं आणि आलेल्या आवाजाचे परत बाइट करणं. हे सगळ्यात डोकेबाज काम, त्यासाठी डब्यात वेगळी चिप असायची. तीन, 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा ऐकून 'ओके' म्हणणं. नव्वदच्या दशकात कंपन्यांच्या लक्षात आलं की प्रोसेसर आता बराच वेळ रिकामा बसलेला असतो, मग दुसरं आणि तिसरं काम त्याच्याच गळ्यात का घालू नये? चिप वाचली, पैसे वाचले, जागा वाचली. लॅपटॉपमध्ये उरली ती काडेपेटीपेक्षा लहान एक पाटी: लाईन सांभाळायची आणि आवाज जसा आहे तसा आत-बाहेर करायचा. बाकीचा मोडेम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये. म्हणून लोक त्याला विनमोडेम म्हणू लागले, जरी ते नाव मुळात यूएस रोबोटिक्सचा ट्रेडमार्क.

आता डब्ल्यूव्हीडायलकॉन्फचं वागणं कळेल. ते एकेका सीरियल पोर्टवर जाऊन 'एटी' म्हणतं आणि 'ओके'ची वाट बघतं. तुमच्या मशीनमध्ये 'ओके' म्हणणारं कुणी नाहीच. रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखं आहे ते. तेव्हा खरा प्रश्न हा की या पाटीचा राहिलेला अर्धा भाग लिनक्ससाठी कुणी लिहिलाय का, आणि लिहिला असेल तर कुठल्या कर्नलपर्यंत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा).

त्यासाठी आधी पाटी ओळखायची. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय चालवा, पुढं डॅश आणि दोन एन. यादीत 'मोडेम' शब्दाची ओळ शोधा. तुमच्या काळातल्या इंटेलच्या मशीनवर तिथं बहुतेक ८०८६:२६६डी दिसेल, थोडं जुनं असेल तर ८०८६:२४सी६. इथंच निम्मे लोक फसतात. 'इंटेल' वाचून इंटेल मोडेमचा ड्रायव्हर शोधत रात्र काढतात. तो आकडा मोडेमचा नाही, तो मोडेमकडं जाणाऱ्या रस्त्याचा आहे, मदरबोर्डच्या चिपसेटचा. त्या रस्त्याच्या शेवटी कुणाचं घर आहे ते त्यावरून कळत नाही. रस्ता सांगून घर सापडायला हे काय लहान खेडं आहे?

घराचा पत्ता काढायला स्कॅनमोडेम नावाची एक जुनी स्क्रिप्ट आहे, लिनमोडेम्स नावानं काम करणाऱ्या मंडळींनी केलेली. ती मोडेमच्या कोडेकची (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपची) सही वाचते. सही 'एसआयएल' अक्षरांनी सुरू झाली तर सिलिकॉन लॅब्स, 'सीएक्सटी' असेल तर कोनेक्झंट. स्क्रिप्ट मिळाली नाही तर लॅपटॉप उलटा करा. रॅमच्या झाकणाखाली किंवा कीबोर्डखाली दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली, दोन तारा फोनच्या भोकाकडं गेलेली पाटी दिसेल. तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. बॅटरी आधी काढायची, हे गुरुजींना सांगायला नको.

तुमच्यानंतरच्या, २००६-०७ पासूनच्या लॅपटॉपमध्ये एचडी ऑडिओ आला आणि मोडेम एलएसपीसीआयमधून गायबच झाला. तो साउंड कार्डाच्या पोटात दुसरा कोडेक म्हणून बसतो. प्रॉक फोल्डरमधल्या असाउंडमध्ये कोडेकच्या फायली वाचल्या तर त्यात 'मोडेम फंक्शन ग्रुप' असं लिहिलेलं सापडतं. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

सही कळली की निकाल बराचसा लागलेला असतो. सिलिकॉन लॅब्स निघाली तर नशीबवान आहात, पुढचं सगळं त्याच धरून लिहितोय. ल्यूसेंटची मार्स चिप निघाली (ओळखीचा आकडा ११सी१:०४४० आणि त्याच्या आसपासचे) तर तिच्यात आवाजाचं काम करणारी स्वतःची चिप असते, आणि तिला मार्शियन नावाचा ड्रायव्हर आहे. त्याच कंपनीची पुढची एजिअर सॉफ्टमोडेम मात्र वेगळी वस्तू. नाव बघून मार्शियन लावायला जाऊ नका. कोनेक्झंट निघाली तर मी हात जोडतो. तिचा ड्रायव्हर लिनक्संट कंपनी विकायची, फुकट घेतला तर वेग १४.४ किलोबिटवर अडकवलेला असायचा, आणि त्यातला मुख्य भाग बंद पेटीत असल्यामुळं नव्या कर्नलवर दुसऱ्या कुणाला तो नीट करता आला नाही. तिच्यावर एक रविवारही घालवू नका.

आता कामाला लागू.

गाडीचा पहिला गिअर म्हणजे कर्नलचा ड्रायव्हर, आणि गंमत अशी की तो साउंडच्या खात्यात आहे. मोडेमची पाटी आवाजाचं आत-बाहेर करते, मग कर्नलच्या लेखी ती एक साउंड कार्डच. नाव एसएनडी-इंटेल८एक्स०एम. शेवटचा एम मोडेमचा, त्याच्याशिवायचा ड्रायव्हर स्पीकरचा; गल्लत करू नका. मॉडप्रोबनं तो चढवा आणि प्रॉकमधल्या असाउंडमध्ये कार्ड्स ही फाईल वाचा. पहिलं कार्ड आवाजाचं, दुसरं मोडेमचं दिसलं पाहिजे. दिसलं, तर इथवरचा रस्ता मोकळा.

इथं थांबून मी नेहमी एक परीक्षा घेतो. कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, पण तिनं माझे कितीतरी तास वाचवलेत. फोनची तार लॅपटॉपला जोडा. अल्सामिक्सर (लिनक्सच्या अल्सा या आवाजयंत्रणेचे खटके दाखवणारा प्रोग्राम) उघडा, एफ६ दाबून मोडेमचं कार्ड निवडा. तिथं 'ऑफ-हुक' नावाचा एक खटका असतो. तो चालू करा, म्हणजे मशीननं रिसीव्हर उचलला. आता मोबाईलवरून स्वतःच्या लँडलाईनला फोन लावा. एंगेज लागला, तर पाटी जिवंत आहे, तार बरोबर आहे, लाईन पकडली जातेय. यापुढं काही अडलं तर दोष सॉफ्टवेअरचा. घंटा वाजली, तर पाटी लाईन पकडत नाही, आणि मग ड्रायव्हरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. परीक्षा झाल्यावर खटका बंद करायला विसरू नका, नाहीतर घरचा फोन दिवसभर एंगेज आणि वहिनी तुमच्यावर!

पाटी मेलेली निघण्याचं आपल्याकडचं मोठं कारण वळीव. एप्रिल-मेच्या दुपारी खानापूरच्या बाजूनं ढग चढले की आमच्या दुकानात दुसऱ्या दिवशी मोडेमांची रांग. खांबाखांबांवरून आलेली उघडी तार म्हणजे विजेला आवतणच. दुसरं कारण ऑफिसं. एका मोठ्या ऑफिसात आमच्या गिऱ्हाइकानं टेबलावरच्या फोनची तार काढून लॅपटॉपला लावली. ती लाईन डिजिटल एक्स्टेन्शनची होती. भोक तेच, पिन तीच, आतला करंट वेगळा. पाटी जागच्या जागी गेली. तुम्ही घरच्या लाईनवर आहात म्हणून हे तुम्हाला लागू नाही, पण शाळेच्या किंवा कारखान्याच्या इंटरकॉमला चुकूनही जोडू नका.

परीक्षा पास झाली की राहिलेला अर्धा मोडेम आणायचा. त्याचं नाव एसएलमोडेमडी, स्मार्ट लिंक कंपनीचं. डेबियनच्या नॉन-फ्री विभागात हे एसएल-मोडेम-डीमन नावानं राहत आलं आहे. यातला आवाजाचं गणित करणारा गाभा कंपनीनं उघडा केलेला नाही, तयार फाईल म्हणून दिलाय, आणि ती फाईल ३२ बिटची आहे. नव्या ६४ बिट मशीनवर यासाठी सतरा खटपटी कराव्या लागतात. तुमचं पेंटियम एम मुळातच ३२ बिट. जुन्या मशीनचा फायदा होण्याची ही दुर्मिळ वेळ.

डेबियनची १२ वी आवृत्ती ही ३२ बिट मशीनवर थेट बसवता येणारी शेवटची, तेव्हा तुमच्याकडं जी आहे ती सांभाळा. १३ वर जायच्या फंदात पडू नका. २००३-०४ चं पेंटियम एम कुणाकडं असेल तर आणखी एक अडचण: त्या प्रोसेसरमध्ये पीएई (जास्त मेमरी हाताळायची सोय) असूनही तो ते सांगत नाही, आणि पीएई मागणारं कर्नल सुरूच होत नाही. बूट होताना फोर्सपीएई असं लिहून द्यावं लागतं. तुमचं डेबियन सुरू झालंय, म्हणजे तुम्ही ही पायरी ओलांडलीय.

एसएलमोडेमडी रूट म्हणून चालवा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: अल्सा वापर, कार्ड 'मोडेम:१' हे घे, आणि देश इंडिया. (एचडी ऑडिओवाल्यांसाठी बहुतेक 'मोडेम:०'.) सगळं जमलं तर तो डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवायएसएल० (यातले एस आणि एल मोठ्या अक्षरांत) नावाचा एक खोटा पोर्ट तयार करतो. हाच तुमचा मोडेम. मिनिकॉम (मोडेमशी बोलायचा प्रोग्राम) उघडून पोर्ट म्हणून तो द्या, 'एटी' लिहून एंटर मारा. ज्या 'ओके'साठी डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ कडी वाजवत होतं, तो 'ओके' आता येईल. मी हे शंभरदा केलं असेल, तरी तो शब्द पडद्यावर उमटला की अजून बरं वाटतं. नाही आला, तर आपलं नाव डायलआउट गटात आहे का बघा, आणि दुसरं म्हणजे कुणाचं तरी जुनं मार्गदर्शन वाचून एसएलएएमआर हे मॉड्यूल चढवलेलं नाही ना? ते आणि अल्साचा ड्रायव्हर एकाच पाटीवर हक्क सांगतात. एकच ठेवा.

आता डायल टोन. यावर जरा जास्त बोलतो, कारण आपल्या देशातले निम्मे 'बिघडलेले' मोडेम इथंच अडकलेले असतात.

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी होते, बाहेरून आणलेला भारीतला लॅपटॉप घेऊन आले. मोडेम ओके म्हणतोय, नंबर फिरवायला सांगितला की उत्तर 'नो डायलटोन'. आणि मी समांतर जोडलेला फोन कानाला लावून बसलोय, टोन खणखणीत! दोन तास तार बदल, पिन बदल, ड्रायव्हर बदल. शेवटी उलगडलं ते असं: अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा असतो. आपला ४०० हर्ट्झचा, आणि त्यावर २५ हर्ट्झची थरथर चढवलेली. तुम्ही फोन उचलल्यावर जो घुर्र आवाज ऐकता तो त्या थरथरीचा. अमेरिकेच्या कानाच्या मोडेमला तो टोन वाटतच नाही. टोन वाजत असतो आणि मोडेम सांगतो लाईन मेलीय.

याला दोन उपाय. देश बरोबर सांगणं हा पहिला. एसएलमोडेमडीला इंडिया सांगितलंच आहे, बाकीच्या मोडेमना 'एटी अधिक जीसीआय बरोबर ५३'. अधिक आणि बरोबर ही चिन्हं टाकायची. दुसरा, जास्त भरवशाचा: 'एटीएक्स३'. म्हणजे मोडेमला सांगायचं, टोनची वाट बघू नकोस, उचल आणि फिरव. एंगेज मात्र ओळख. मी दोन्ही लावतो. टोनची वाट न बघता फिरवायचं ठरलं की फिरवण्याआधी किती सेकंद थांबायचं हे मोडेमच्या एस६ या खान्यात असतं, मूळचं २. खेड्यातल्या एक्स्चेंजला मी ४ ठेवतो. आणि आकडे भराभर फेकल्यामुळं एखादा गळतोय असं वाटलं तर एस११ वाढवून १५० करा, मोडेम सावकाश आकडे दाबतो.

एक्स्चेंजवरून आठवलं, खेड्यांसाठी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेनं बनवलेलं १२८ पोर्टांचं छोटं एक्स्चेंज पहिल्यांदा बसलं ते आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला, १९८६ मध्ये. राणी चन्नम्मांचं कित्तूर सगळ्यांना माहीत, हे कित्तूर फारसं कुणी सांगत नाही. धूळ आणि उकाडा सोसून, एसीशिवाय चालावं म्हणून ते तसं बनवलेलं होतं.

तुमच्या बाबतीत तर टोनची भानगड टाळायचीही एक युक्ती आहे. दोन्ही टोकांना माणसं आहेत ना? मग आधी साध्या फोनवरून भावाला फोन लावा, बोला, "तयार आहेस का गा?" विचारा. त्यानं होय म्हटलं की तुम्ही मिनिकॉममध्ये 'एटीएक्स३डी' लिहा, पुढं नंबर नाही, आणि त्यानं त्याच्याकडं 'एटीए' लिहायचं. दोघांनी एंटर मारून रिसीव्हर खाली ठेवायचे. लाईन जोडलेलीच आहे, फक्त बोलणाऱ्यांच्या जागी मोडेम येतात. किंचाळ्या ऐकू येतील, दहा-पंधरा सेकंदांत 'कनेक्ट' आणि पुढं आकडा. टोन नको, डायल नको, मध्येच चुकीचा नंबर लागून कुणा बिचाऱ्याच्या कानात शिट्टी मारणं नको.

तो आकडा ५६ हजार येणार नाही, वाट बघू नका. ५६ के हे वचन एका टोकाला एक्स्चेंजशी थेट डिजिटल जोडलेला सर्व्हर असेल तरच. दोन घरांतल्या दोन साध्या लाईनींमध्ये कमाल ३३,६००, आणि घाटाकडच्या तारेवर २४,००० ते २८,८०० मिळाले तर मी समाधान मानेन. २६,४०० धरलं तर एक एमबीला पाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ. म्हणून हजेरीपटाचे फोटो धाडू नका. आकडे टाइप करून साध्या मजकुराची फाईल करा. दहा केबीची फाईल चार सेकंदांत जाते.

फाईल धाडायला पीपीपी, पासवर्ड, आयपी पत्ता यातलं काही लागत नाही. दोन्हीकडं एलआरझेडएसझेड पॅकेज घाला, त्यात झेडमोडेम ही फाईल धाडायची पद्धत येते. कनेक्ट झाल्यावर मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए दाबून एस, झेडमोडेम निवडा, फाईल दाखवा. समोरचं मिनिकॉम आपोआप घ्यायला लागतं. लाईन मध्येच तुटली तर झेडमोडेमला अर्ध्यापासून पुढं धाडता येतं, पहिल्यापासून नाही. पावसाळ्यात हे सोनं आहे. खरखरीमुळं कनेक्शन लगेच सुटत असेल तर एस१० वाढवून बघा, क्षणभर आवाज गेला तरी मोडेम धीर धरतो. फाईल जात असताना दुसरं काही चालवू नका. मोडेमचं गणित प्रोसेसर करतोय, तो क्षणभर दुसरीकडं रमला की सूर चुकतो. ब्राउझर उघडला आणि लाईन तुटली, हे मी कितीदा पाहिलंय.

पुढंमागं कुणाला याच मोडेमवर डब्ल्यूव्हीडायल (इंटरनेटसाठी फोन लावणारा प्रोग्राम) वापरायचं झालं तर त्याच्या कॉन्फ फाईलमध्ये कॅरिअर चेकला नो द्या. टीटीवायएसएल० हा खोटा पोर्ट, त्याला कॅरिअरची तार नसते. डब्ल्यूव्हीडायल ती शोधत बसतं आणि जोडलेला फोन स्वतःच ठेवून देतं.

घरातली तार नीट करा, याला पर्याय नाही. समांतर जोडलेले जास्तीचे फोन मोडेम चालू असताना काढा. त्याच लाईनवर ब्रॉडबँड असेल तर मोडेम फिल्टरच्या फोनवाल्या भोकालाच जोडा. खांबापासून घरापर्यंतच्या तारेला चिकटपट्टीचे सांधे असतील तर लाईनमनना बोलवा. आमच्याकडचे लाईनमन कन्नड बोलणारे, तुमच्याकडचेही असतील, "लाईन चालू आहे की!" म्हणून परत जातील, कारण बोलायला ती ठीकच असते. फोन उचलून एक आकडा दाबा, टोन बंद होईल, मग त्यांच्या कानाला रिसीव्हर द्या. शांततेतली खरखर त्यांनाही ऐकू येते. भाषेचा प्रश्न उरत नाही.

मोडेमच्या पाटीचा निकाल वाईट लागला तर बाहेरचा घ्या, मनाला लावून घेऊ नका. सीरियलवाला जुना डबा भंगारात मिळतो, लॅपटॉपला सीरियल भोक नसेल तर यूएसबीचा कन्व्हर्टर लावून चालतो. यूएसबी मोडेम घेताना जपून, स्वस्तातले बरेचसे आतून कोनेक्झंटचे अर्धेच असतात. जोडल्याबरोबर डेव्हमध्ये टीटीवायएसीएम० आलं तर पूर्ण मोडेम. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ तसा आहे. पूर्ण मोडेमला वर लिहिलेल्यातलं निम्मं लागतच नाही: ड्रायव्हर नको, एसएलमोडेमडी नको. एटीएक्स३ मात्र त्यालाही लागेल.

एक गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली, आधी सांगितली असती तर तुम्ही पुढचं वाचलं नसतं. तुमच्या जांबोटीच्या टोकाची मला काळजी नाही. काळजी टिळकवाडीची आहे. शहरात तांब्याच्या लाईनी काढून फायबर घातलीय, आणि फायबरच्या डब्यातून निघणारा फोन हा खरा फोन नाही. त्यात आवाजाचे तुकडे करून पाकिटांतून धाडतात. माणसाला फरक कळत नाही, मोडेमला कळतो. एखादं पाकीट उशिरा आलं की त्याचा सूर तुटतो. अशा लाईनवर वेग ९,६०० वर बांधून ठेवला तर कधी निभावतं, कधी नाही. वेग बांधायची आज्ञा 'एटी अधिक एमएस', तिचं लिहिणं मोडेमगणिक बदलतं. पुढं बरोबर आणि प्रश्नचिन्ह टाकून त्यालाच विचारा. भावाच्या घरी अँटेनाचा फोन असेल तर तेही नाही, तो आवाज दाबून धाडतो, मोडेम त्यातून जातच नाही. आणि फायबरचा डबा घरच्या करंटवर चालतो, म्हणजे बेळगावात करंट गेला की तुमचा सगळा बेत तिकडच्या टोकाला बसला.

तेव्हा स्क्रू काढण्याआधी, स्क्रिप्ट शोधण्याआधी भावाला विचारा: फोनची तार भिंतीतल्या जुन्या चौकोनी डबीतून येते, का दिवे लागलेल्या पांढऱ्या डब्यातून? डबीतून येत असेल तर या रविवारी बसा, आणि स्कॅनमोडेमनं काय सही दाखवली ते मला कळवा. पांढऱ्या डब्यातून असेल, तर गावात ओळखीचं असं दुसरं घर शोधा जिथं जुना फोन अजून आहे. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांतून विचारून बघा, आणि कुठंच नाही मिळालं तर खानापुरात शोधा.